मुलांच्या खोलीला दुसरं माणूस हवं

बुधवार, बारा तारीख

तीर्थरूप आत्या,

नमस्काराच्याही आधी एक दुरुस्ती करायची आहे. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की माझ्याकडे संध्याकाळी अकरा मुलं असतात. ते चुकलं. बारा असतात. आणि मी ते पत्र लिहिलं त्या दिवशीही बाराच होती, त्यामुळे 'नंतर एक वाढलं' असं म्हणून मला सुटता येत नाही. तरी शिंपीकाकांनी मागचं पत्र डब्यातून काढावं, अकरावर काट मारावी आणि वर बारा लिहावं. (काका, तुमच्या कापडावर खुणा करायच्या खडूने नको. शाईने.)

आता नमस्कार, अगदी वाकून. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी तू 'बरे आहेत' असं सांगितलंस, आणि काकांनी ते लिहिलंही, पण त्याच्याच खाली बारीक अक्षरात स्वतःच्या मनाने 'खोटं बोलते आहे, परवा पायरीवर बसली ती मला हाक मारून उठली' असंही लिहिलं. एकाच पत्रात दोन साक्षी आल्या की मी काकांच्या बाजूने असते. शेक घेत जा. मी दोन्ही वेळा जेवते, वेळेवर झोपते आणि अंगावर गरम कपडे घालते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तुझे तीन प्रश्न वाचले.

तू गल्लीत सगळ्यांना सांगतेस की आमची पोर मास्तरीण झाली. आत्या, मी तुला दोनदा कळवलं आहे की मी मास्तरीण नाही. शाळा अडीचला सुटते आणि आईबापांची कामं सहाला सुटतात. मधले साडेतीन तास ही मुलं गळ्यात किल्ली अडकवून घरी जायची, आतून कडी लावायची आणि बसून राहायची. म्हणून शाळेने तळमजल्यावरची चित्रकलेची खोली दिली आणि तिथे मला नेमलं. मी त्यांचा अभ्यास घेते, दूध आणि बिस्किटं देते, भांडणं सोडवते आणि ज्याचं मूल त्याच्या हवाली करते. खोली तू पाहिलीच आहेस: दोन लांब टेबलं, एक कपाट (लाथ मारल्याशिवाय बंद होत नाही, मुलं मारतात, मी खांद्याने ढकलते) आणि माझी वही. वहीत मी आठ रकाने आखले आहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी तीन सांगितले होते. पण आपल्या घरात पहिल्यांदा कुणाच्या हाती वही आली आहे, तर ती नीट भरलेली असावी असं मला वाटतं.

आणि या नीट भरलेल्या वहीनेच घात केला. रोज साडेतीनला दूध द्यायच्या आधी मी मुलं मोजते. महिनाभरापूर्वी एके दिवशी बारा भरली. वहीत अकरा नावं. मला वाटलं, माझं मोजणं चुकलं. पुन्हा मोजली, बारा. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, बोट दाखवत मोजली तेव्हा एकदाची अकरा भरली, आणि मी वहीत 'संख्या बरोबर' असं लिहून मोकळी झाले. असं नऊ दिवस चाललं, आत्या. नऊ दिवस माझे डोळे बारा म्हणत होते आणि मी त्यांना गप्प बसवत होते, कारण शाईने अकरा लिहिलेलं होतं. दूधही रोज एक पेला कमी पडायचं. त्यावर मी काय करावं? मी दूधवाल्याला एक सभ्य पण कडक चिठ्ठी लिहिली, की आपलं माप तपासून पाहावं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी माप घेऊन आला, माझ्यासमोर बारा मुलांच्या देखत दूध मोजून दाखवलं आणि माप उचलून गेला. (त्याला मी नंतर माफीची चिठ्ठी लिहिली. ती त्याने परत माझ्याकडेच वाचायला पाठवली, त्याला वाचता येत नाही म्हणून; पहिली त्याला दुसऱ्या कुणी वाचून दाखवली होती. मग मीच त्याला ती वाचून दाखवली. स्वतःची माफी मोठ्याने वाचणं फार कठीण असतं.)

दहाव्या दिवशी तपासनीसबाई आल्या. उंच, सडपातळ, हातात पेन. बोलण्याआधी पेनाच्या टोकाने हवेत मोजतात. म्हणाल्या, "बारा." मी म्हणाले, "नाही बाई, अकरा," आणि वही पुढे केली. त्यांनी वही पाहिली, खोली पाहिली, मग पेनाचं टोक टेबलाखाली वळवलं. "मग ते काय आहे?"

ते म्हणजे चार वर्षांची एक मुलगी होती. टेबलाखाली मांडी घालून बिस्कीट खात बसलेली. आमच्याकडे आठ वर्षांची एक शांत, शहाणी मुलगी आहे, तिची धाकटी बहीण. ती थोरलीच्या फ्रॉकचं टोक धरून तिच्या मागे मागे यायची, म्हणून मुलांनी तिचं नाव शेपटी ठेवलं होतं. बाकीच्या दहाही मुलांना माहीत होतं. दुधाच्या वेळी कोण तिच्यासाठी दुसऱ्यांदा पेला भरून घेणार याच्या पाळ्या लावल्या होत्या, आणि त्या पाळ्यांत एकदाही भांडण झालं नाही. (माझ्या पाळ्यांत रोज होतं.) या दोघींची आई औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरते. शेपटीला सांभाळणाऱ्या शेजारीणबाई घर सोडून गेल्या, आणि आमच्याकडे सहा वर्षांखालचं मूल घेत नाहीत. मी थोरलीला जरा कडक आवाजात विचारलं, की मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "बाई, तिला घरी कोंडलं की ती दारापाशीच बसते. जागची हलत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. इथे निदान टेबलाखाली बसते."

आत्या, तपासनीसबाईंच्या समोरच मी पेन घेतलं आणि शाईने बारावं नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात मला खोटं लिहिता येईना आणि खरंही लिहवेना, म्हणून मी 'सहा होईल' असं लिहिलं. तपासनीसबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "होईल ना. दोन वर्षांनी." पण हसल्या, हे मी सांगायला हवं. मग त्यांनी नियम सांगितला. एका मोठ्या माणसामागे अकरा मुलं. दुसरं मोठं माणूस असेल तर बारावं मूलही चालतं आणि सहाच्या आतलंही चालतं. ते माणूस या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, त्यांना खोलीत हजर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बारावं नाव काढायचं. म्हणजे शेपटी पुन्हा दारापाशी.

त्या दिवसापासून मी फार सावध झाले. आत येणारं मूल मला दिसलं नाही, तर निदान बाहेर जाणारं तरी चुकीच्या हाती जाऊ नये म्हणून वहीत पालकांचे फोटो चिकटवले. आमच्याकडे सहा वर्षांची एक मुलगी आहे, तिला सगळे वकील म्हणतात, कारण ती गप्प बसण्याचीसुद्धा कारणं देते. तिची आई परिचारिका आहे, तीच रोज न्यायला येते. गेल्या आठवड्यात एक दिवस आईऐवजी एक गृहस्थ आले. म्हणाले, मी तिचा बाप, बस चालवतो, आज तिच्या आईला जादा काम आहे. मी वही काढली. फोटोतल्या माणसाला चांगली झुपकेदार मिशी. समोरच्याला ओठावर केस नाही. मी नम्रपणे सांगितलं की आपण बसा. ते म्हणाले, "अहो बाई, कालच काढली." मी म्हणाले, "असेल. पण वहीत आहे." मग मी वकिलाला विचारलं, हे तुझे बाबा का? तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मला वाटतं आहेत. पण बाई, तुम्हीच म्हणाला होतात की मुलांच्या सांगण्यावरून कुणाला सोडायचं नाही." बाप कपाळाला हात लावून त्या बुटक्या बाकावर बसला. गुडघे कानाला लागलेले. सव्वासातला त्याला परत बस काढायची होती, आणि घड्याळात पावणेसात झाले होते.

शेवटी मार्ग वकिलानेच काढला. तिने चित्रकलेच्या पेटीतून काळा खडू आणला आणि मुलांनी मिळून त्या माणसाला मिशी काढली. डावी बाजू जरा वर गेली, कारण ती शेपटीने काढली. मग मी फोटो शेजारी धरला आणि बघितलं, तर हुबेहूब तोच. मी त्यांची सही घेतली, माफी मागितली आणि मूल हवाली केलं. गडबडीत मिशी पुसायला कुणालाच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी परिचारिकाबाई म्हणाल्या की त्या संध्याकाळी बसमध्ये एकही उतारू सुट्ट्या पैशांवरून भांडला नाही. त्यांना राग आला नव्हता. मला म्हणाल्या, "तुम्ही नवऱ्याला दिली नाहीत, म्हणजे कुणालाच देणार नाही. मी आता वॉर्डात निर्धास्त असते."

हे ऐकून तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तू म्हणशील, ही आधीपासूनच अशी. तू इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायचीस आणि मी शाळेतून येऊन कडी लावून बसायचे, तेव्हा तू मला सांगून ठेवलं होतंस की मी सोडून कुणालाही दार उघडायचं नाही. आणि मग तुझा घसा बसला. तू दाराबाहेरून हाका मारत होतीस आणि मी आतून सांगत होते की माझ्या आत्याचा आवाज असा नाही. तू माझ्या दप्तरात सकाळी काय काय भरलं होतंस ते सगळं सांगितलंस. मी म्हणाले, ते चोरालासुद्धा माहीत असेल. पाऊण तास तू उभी होतीस, दहा तास चादरी पिळून आल्यावर. दार उघडल्यावर मला वाटलं, आता पाठीत बसणार. तर तू गल्लीभर सांगत सुटलीस, "आमच्या पोरीने मला घरात घेतलं नाही! इतकी हुशार आहे!" तेव्हापासून मला वाटतं की हुशारी म्हणजे हेच. यात थोडा दोष तुझाही आहे. (काका, हे वाचताना तिच्याकडे बघू नका, ती डोळे पुसत असली तर तिला आवडत नाही.)

तर दुसऱ्या माणसाची गोष्ट. मी फाटकावर पाटी लावली आणि येणाऱ्यांसाठी प्रश्नपत्रिका तयार केली. एकतीस प्रश्न. मला माहीत आहे, जास्त आहेत. पण कोणता गाळावा ते कळेना, प्रत्येक प्रश्न एकेका अपघाताबद्दल होता. पहिले आले ते वाचनालयातून निवृत्त झालेले एक आजोबा. एकतीसपैकी एकोणतीस उत्तरं बरोबर. मी खुश. त्यांनी मुलांना ओठांवर बोट ठेवून बसवलं आणि इतकी शांतता झाली की दहाव्या मिनिटाला तेच झोपले. मुलांनी त्यांच्या अंगावर भिंतीवरचा नकाशा काढून घातला आणि सगळी हळूच अंगणात खेळायला गेली. आजोबा उठल्यावर म्हणाले, फार गुणी मुलं आहेत, आवाजच नाही. ते पुन्हा आले नाहीत; मला वाटतं, त्यांना इथे झोप लागते हे घरी कळलं आणि घरच्यांना ते आवडलं नाही.

दुसऱ्या आल्या त्या शिवणकामाचा वर्ग चालवणाऱ्या बाई. त्यांच्याबद्दल लिहिताना मला अजून वाईट वाटतं. आल्या आल्या खाली बसल्या, एकाचं बटण लावलं, दुसरीची वेणी घातली, आणि शेपटी चक्क टेबलाखालून बाहेर येऊन त्यांच्या मांडीला टेकली. आणि मी त्यांना सतरावा प्रश्न विचारला. एकाच वेळी दोन मुलं रडू लागली तर आधी कुणाकडे जाल? त्या म्हणाल्या, "जवळ असेल त्याच्याकडे." माझ्याकडे लिहिलेलं उत्तर होतं, 'जे लहान असेल त्याच्याकडे'. मी चुकीची खूण केली. त्यांनी ती खूण पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला मुलं किती?" मी म्हणाले, अजून लग्न नाही. "वाटलंच मला," म्हणाल्या आणि पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी मी माफीची चिठ्ठी घेऊन त्यांच्या वर्गात गेले (हो, पुन्हा चिठ्ठी), तोवर त्यांना दुसरीकडे काम मिळालं होतं. आणखी एक व्यायामशाळेतले दादा आले होते. ते मुलांना एका हाताने उचलायचे. मुलं फार आनंदात होती, पण परत खाली ठेवण्याबद्दल त्यांचा काही ठाम विचार दिसला नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "तुम्हाला माणूस हवंय की पहिला नंबर?" मी म्हणाले, दोन्ही. त्यांनी चष्मा काढला आणि मला परत मुलांकडे पाठवलं.

तरी तू काळजी करू नकोस. सगळं उत्तम चाललं आहे. अजून दिवस आहेत, माणूस मिळेलच. शिंपीकाकांना, त्यांच्या मशीनला आणि गल्लीतल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझीच,
भाची

ता. क. 'माणूस मिळेलच' असं मी वर लिहिलं आहे ते मला पटत नाही. सहा दिवसांत फाटकाशी कुणी आलेलं नाही. एक गृहस्थ पाटी वाचत बराच वेळ उभे होते, मी धावत गेले, तर त्यांना विचारायचं होतं की ही पाटी कुणी रंगवली, अक्षर चांगलं आहे. अक्षर माझंच आहे. एरवी मला आनंद झाला असता.

आणखी एक. गेल्या वेळी तू इथे आली होतीस तेव्हा एक दुपार खोलीत बसली होतीस. जाताना तू म्हणालीस, "मी येऊ का गं तुझ्या हाताशी? घरी बसून तरी काय करते?" आणि मी म्हणाले की नियमाला शिकलेलं माणूस लागतं. आत्या, तेव्हा मी नियम वाचलेला नव्हता. आता वाचला. त्यात लिहिलं आहे: प्रौढ, मुलांची सवय असलेली, आणि कुणा जबाबदार व्यक्तीच्या ओळखीची. शिकलेली असं कुठेही नाही. मी तीनदा शोधलं. मला तेव्हा असं वाटलं होतं की रोज सहीच्या रकान्यात तुझा अंगठा उमटेल आणि पालक तो बघतील. एवढंच कारण होतं, दुसरं काही नव्हतं. ज्या अंगठ्याने तू माझं नाव शाळेत घातलंस, त्याचीच मला लाज वाटली. आणि आमच्याकडे एका मुलाची आजी रोज न्यायला येते, तीही अंगठाच करते, आणि तिच्यासाठी शाईची डबी मीच उघडून धरते. तिच्याबद्दल माझ्या मनात कधी काही आलं नाही. (काका, हे हळू वाचू नका. नेहमीच्याच आवाजात वाचा, गल्लीला ऐकू गेलं तरी चालेल.)

म्हणून आता विचारते. तू येशील का? नुसती अठ्ठावीस तारखेला तपासनीसबाईंना दाखवायला नाही, राहायलाच. मी घरमालकीणबाईंशी बोलून माझी वरची खोली बदलून खालची घेतली आहे, एकही पायरी नाही. मुलांच्या खोलीत पाठ टेकायला येईल अशी एक खुर्ची मिळवली आहे. मुख्याध्यापिकाबाईंना तुझ्याबद्दल सगळं सांगितलं, तर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "त्यांना परीक्षा द्यावी लागणार का?" नाही लागणार. प्रश्नपत्रिकांच्या पाठीमागे मुलं आता बोटी रंगवतात. तुला वाटेल, मला काय येतं? आत्या, तू आली होतीस त्या दुपारी दोन मुलं एकदम रडायला लागली, तेव्हा तू जागची उठलीसुद्धा नाहीस. तू फक्त हात पुढे केलेस आणि दोघंही तुझ्याकडे आली. हे माझ्या उत्तरपत्रिकेत नव्हतं.

शेवटचं, आणि हे काकांसाठी. तिने 'नाही' म्हणून उत्तर लिहायला सांगितलं तर कष्ट घेऊ नका. या पत्रावर मी बारा तारीख घातली आहे, पण ते मी मुद्दाम सोमवारी, सतरा तारखेला पेटीत टाकणार आहे, म्हणजे ते तुम्हाला शुक्रवारी मिळेल आणि तुमचं उत्तर मला वेळेत मिळणार नाही. ही लबाडी आहे, म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवते. तिचं गाठोडं बांधायला मदत करा, गुडघ्यांचा पट्टा वर ठेवा. तिला न्यायला मी स्वतः निघते आहे, रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी सव्वासातच्या पहिल्या गाडीने.